घट मातीचाच हवा, तांब्याचा कलश नको

जोंधळा: नवरात्रात घटाखालचं धान रुजतं ते मातीच्या घटाच्या पाझरावर. परडीत दोन बोटं काळी माती, त्यावर रात्रभर भिजवलेलं धान्य, वर मातीचा पातळ थर आणि मधोमध पाण्याने भरलेला घट. पाणी बाजूने झिरपतं, माती ओलसर राहते. तांब्याचा कलश पाझरत नाही. मग घरातला जो तो येता-जाता हाताने पाणी घालतो आणि तिसऱ्या-चौथ्या माळेलाच कुजका वास सुटतो.

मोगरी: अजिबात पटलं नाही. कित्येक घरांत तांब्याचाच घट हा कुलाचार आहे. शिवाय मातीचा प्रत्येक घट पाझरतोच असं नाही. हल्ली ऑइलपेंट आणि चमकी लावलेले घट मिळतात, त्यांची छिद्रं बुजलेली असतात. उलट कच्चा भाजलेला घट भराभर रिकामा होतो आणि पाणी देवघराच्या लाकडात मुरतं. सकाळी माळ चढवताना दोन-तीन पळ्या पाणी कडेकडेने सोडलं की धान छान येतं.

जोंधळा: रंगाचं मान्य. बिनरंगाचा घट घ्या, आदल्या दिवशी भरून ताटात ठेवा. बाहेरून गार, ओलसर लागला तर ठीक. ताटात पाणी साचलं तर बदला. पण घट एकदा बसवला की नऊ दिवस हलवत नाहीत. पळीचं पाणी कलशाच्या बुडाखाली साचलं तर कळणार कसं?

शमी: बुडाखाली पेरायचंच कशाला? तिथे नुसती माती ठेवा, धान्य कडेने. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसते, तिला बुरशी समजून घाबरू नका. पाणी शिंपडलं की लव बसते. बुरशी दाण्यांवर जाळ्यासारखी पसरते, कुबट वास येतो. बियाण्याच्या दुकानातलं औषध लावलेलं धान्य नकोच, दळणाचे गहू-ज्वारी घ्या. हरभरा मोजकाच, तो लवकर कुजतो.

मोगरी: धान पिवळं आलं म्हणून देवी रुसली, हेही बंद व्हावं. कोपऱ्यात उजेड नसतो, म्हणून ते पिवळं. आणि २०२५ सारखी तिथीवृद्धी आली (२२ सप्टेंबरला घट, २ ऑक्टोबरला दसरा), की मातीचा घट एक दिवस जास्त पाझरतो. धान लोळतं, टोपीत खोवायला ताठ तुरा उरत नाही. कलश असेल तर पाणी आपल्या हातात राहतं.

जोंधळा: तेवढ्यासाठी कलश कशाला? सातव्या माळेनंतर घटात भर घालणं थांबवा, पाझर आपोआप कमी होतो.