विग वापरताना मूळ केसांची निगा कशी राखावी?

प्रश्न: मी दिवसभर विग वापरते. संध्याकाळी तो काढल्यावर टाळू ओलसर असते, खाज सुटते आणि अलीकडे कानांवरचे केस तुटू लागले आहेत. विग न सोडता केस कसे जपावेत?

उत्तर १: कानांवरचे आणि कपाळाकडचे केस आधी तुटतात, कारण क्लिपा, घट्ट पट्टी आणि चिकटद्रव्य यांचा ताण तिथेच पडतो. हा ताण दीर्घकाळ राहिला, तर केसांची मुळे कायमची निकामी होऊ शकतात, म्हणून हे दुखणे कृपया अंगावर काढू नका. विगखाली घालायच्या मूळ केसांच्या वेण्या सैल घाला, क्लिपांच्या जागा बदलत राहा आणि चिकटवलेली कड ओढून न काढता चिकटद्रव्य सोडवणाऱ्या द्रावणाने सुटू द्या. घरी असताना डोके मोकळेच ठेवावे.

उत्तर २: वरील सल्ल्याशी सहमत आहे. धुतलेले केस मुळापर्यंत वाळल्याशिवाय विग चढवू नये. बाहेरून कोरडी वाटणारी वेणी आत बऱ्याचदा दमट असते. विगखाली घालायची पातळ टोपीही नियमित धुवावी.

उत्तर ३: पुळ्या किंवा चकत्या दिसल्यास विग बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.