ई-क्लासची एक एकर घरच्या बियाण्याला द्यावी का?

धुऱ्यावरची
१ मेच्या ग्रामसभेत आमच्या गावात एक विषय येतोय (आर्वीकडचं गाव, नाव कशाला हवं). ई-क्लासपैकी (गावची चराईची सरकारी जमीन) एक एकर कुंपण घालून घरच्या बियाण्याला द्यायची. ज्वारी, देशी पऱ्हाटी (कापूस), जुनी तूर, अंबाडी, बरबटी, जे कुणाच्या घरात उरलं असेल ते. विषय मीच दिलाय, म्हणून आधी इथेच शिव्या खाऊन घेते.

आमच्या सासूबाईंच्या चुलीवर आढ्याला ज्वारीची पंधरा-वीस कणसं टांगलेली असतात. धुरानं काळी झालेली. नव्या माणसाला वाटतं जाळी झाडायची राहून गेली. ते बियाणं आहे. कणीस मोकळं, फुलारलेलं. ऑक्टोबरच्या पावसात पाणी निथळून जातं, दाणा काळा पडत नाही. संकरित ज्वारीचं कणीस गच्च, त्यात पाणी बसलं की बुरशी. ताट माणसाच्या वर हातभर जातं, कडबा ढोरं काडी न टाकता खातात. दरसाल परसात चार तास (ओळी) पेरतात, तेवढंच. त्या आता ७४ वर्षांच्या आहेत. गावात हे वाण दुसऱ्या कुणाकडे नाही, मी घरोघर विचारून आले.

२०२३ ला सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला तेव्हा आमच्या शिवारात दोन-तीनच वाण होते. शेंगा भरायच्या आधी सगळं पिवळं. सगळ्यांनी एकच पेरलं की रोगाला घरोघर विचारत फिरावं लागत नाही.

तर बोला. एक एकर जास्त मागतेय का?

पाच एकर कोरडवाहू
ताई, राग मानू नका. मी २००९ पर्यंत ज्वारी पेरली. काऊन सोडली ते ऐका. दिवसा पाखरं, रात्री डुकरं. जागलीले माणूस पाहिजे, तो रातचे चारशे मागते. सगळं गाव पेरत होतं तवा पाखरं वाटून जायची. आता एकट्यानं पेरली का आजूबाजूच्या चार गावची पाखरं त्याच्याच वावरात.

वाण वाचवा म्हनता, वाचवा ना. पन वाचवनारा दरवेळी कोरडवाहूवालाच काऊन असते? शहरातला माणूस हॉटेलात ज्वारीची भाकर मागवून फोटो काढते, अन् जुनं वाण मी सांभाळू? माह्या वावराचं म्युझियम नाही करायचं मले. दिल्लीले सरकारचं बियाण्याचं कोठार हाय, उणे १८ डिग्रीत ठेवतात. सासूबाईची कणसं तिथं धाडून द्या, झालं काम.

अन् कुंपण घातल्यावर ढोरं कुठं चारायची, तेही ग्रामसभेत सांगा.

सरकी
कोठार हवंच, त्यावर वाद नाही. सीरियात लढाई पेटली आणि अलेप्पोजवळचं इकार्डा या संस्थेचं बियाणं अडकलं, तेव्हा नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फातल्या कोठारात आधी ठेवलेले नमुने २०१५ मध्ये परत मागवावे लागले. पण पुढचं वाचा: ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवले. शेवटी वावर लागलंच.

कोठारातलं बी झोपलेलं असतं. ज्या साली ठेवलं त्या सालापर्यंतचा पाऊस, तोपर्यंतची कीड, एवढंच त्याला ठाऊक. चुलीवरची कणसं दरसाल नवा पाऊस पाहून येतात. दोन्ही ठेवा. पण फक्त सासूबाईंच्या भरवशावर राहू नका, एका घराला लागलेली आग पुरते.

गावरान क्रांती
हे सगळं बीटीनं, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेल्या कापसानं, नासवलं. बीटीच्या परागकणांनी देशी कापूससुद्धा बाटला आहे! आधी कंपन्यांना हाकला, मग एकराचं बोलू.

सरकी
नाही हो. देशी कापसात गुणसूत्रं २६, अमेरिकन कापसात ५२. बीटी संकर अमेरिकन कापसाचे. मधमाशीनं पराग नेला तरी ही सोयरीक सहसा जुळत नाही. बाटायची भीती आहे ती अमेरिकन सरळ (संकरित नसलेल्या) वाणाला. देशी पऱ्हाटी बाटून गेली नाही, पेरणंच बंद झालं म्हणून गेली. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक कापूस देशी होता. त्याआधी अमरावतीच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ नावानं भाव फुटायचा, तोही हाच, आखूड धाग्याचा.

उत्तरेकडे कापसाची पानं आखडणारा विषाणूरोग पांढरी माशी पसरवते. देशी कापसाला तो होत नाही. उद्या असला गुण हवा असेल तर पाकिटात मिळणार नाही.

कृषी केंद्र काउंटर
शिव्या शेवटी दुकानदारालाच, म्हणून बोलतो. २००२ ला बीटीला परवानगी मिळाली, त्यानंतर पाकिटांसाठी रांगा मी लावल्या नव्हत्या. सरळ वाण ठेवलं तर विचारतात, “हे कोण घेते?” देशीचा धागा आखूड, जिनिंगवाला नाक मुरडतो.

आणि वैविध्याचंच म्हणाल तर पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. वावराच्या चारी बाजूंनी लावायची. किती जणांनी लावली? हंगामात माझ्या दुकानापुढच्या नालीत पुड्या तरंगायच्या. मग २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं डोमकळ्या (न उमललेली, किडलेली फुलं) दिसायला लागल्या की म्हणायचं, बियाणं बोगस.

सरकी
ही पुडी कशासाठी, हे कुणी नीट समजावलं का, हाही प्रश्न आहे. नॉन-बीटीवर वाढलेली अळी बीटीला मरणारी असते. तिच्या पतंगाची गाठ बीटीवर तगलेल्या पतंगाशी पडली की पुढची पिढी बहुतेक मरणारीच निपजते. म्हणजे ती पुडी अळीचंच जुनं वाण जपायची सोय होती. ती नालीत गेली, वर पाणी आहे म्हणून फरदड (वेचणी झालेली पऱ्हाटी) मार्चपर्यंत उभी ठेवली. अळीला सोन्याचे दिवस.

पाच एकर कोरडवाहू
म्हंजे आता अळीचं वाण बी मीच सांभाळू!

झाडीपट्टी
आमच्या नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. दादाजी खोब्रागडे, दीडेक एकराचे कास्तकार. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडल्या, आणि तेव्हाच्या चालत्या घड्याळाचं नाव लागलं, एचएमटी. पुढे कृषी विद्यापीठानं तेच शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी आणलं. दादाजी २०१८ ला गेले. कोठारात बरणी उघडून ही लोंबी कुणाला दिसली नसती, रोज बांधीत उतरणाऱ्यालाच दिसली.

पण खरं तेही सांगतो. तो एचएमटी एवढा चालला की आमच्याकडची लुचई, जुनं धान, आता शोधावी लागते. कास्तकारानं निवडलेलं वाणसुद्धा जुन्या वाणांना खातं. त्यामुळे बीटी वाईट, गावरान चांगलं, एवढं सोपं नाही ते.

पटाचा गोऱ्हा
मागणी आली की जात टिकते, एकर-बिकर काही लागत नाही. शंकरपट (बैलांच्या शर्यती) बंद होते तेव्हा आमच्या गवळाऊ जातीच्या गोऱ्ह्याला कुणी विचारत नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं मोकळीक दिली आणि आमच्या भागात भाव कुठच्या कुठे गेले.

धुऱ्यावरची
पटात धावतो त्या गोऱ्ह्याचा भाव गेला, भाऊ. गाईचा? आमच्या गावात गवळाऊ म्हणाव्या अशा चार गाई उरल्यात आणि त्या चौघींना पटात कुणी जुंपत नाही. मागणी तिला हवं तेवढंच उचलते.

पटाचा गोऱ्हा
हे मान्य. मग माझा एक आक्षेप लिहून घ्या. कुंपण घालायच्या आधी त्या एकरात आज काय उगवतंय ते पाहिलं का? आमच्या ई-क्लासवर अजून मारवेल आहे, पवन्या आहे. ते नांगरून तुम्ही ज्वारीचं वाण वाचवणार. गवताच्या वाणाचं काय? गवळाऊ त्याच गवतावर वाढली.

धुऱ्यावरची
नाही पाहिलं. खरंच नाही पाहिलं. काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन आले. निम्म्यात तरोटा आणि गाजरगवत, पण नाल्याच्या अंगाला मारवेल आहे, गुडघाभर वाळलेला. तो भाग सोडला तर जेमतेम अर्धा एकर उरतो. ग्रामसभेत आता अर्धाच मागते. पाच एकरवाल्या भाऊंच्या ढोरांचाही प्रश्न त्यात थोडा सुटतो.

पाच एकर कोरडवाहू
माह्या ढोरांची काळजी केली, बरं वाटलं. आता माहं ऐका. पंचायतीचं वावर म्हंजे कोनाचंच नाही. पहिल्या साली फीत कापतात, दुसऱ्या साली तिथं तरोटा. त्यापरीस असं करा. दहा घरं धरा, दर घरी दोन तास. मी तुरीत पेरतो. कडबा माहा, बिजवाई तुमची. पाखरं हाकलायचे अन् जागलीचे पैसे पंचायतीनं द्याचे, ठरावात लिहून. लिहून असंल तरच. तोंडी असंल तर नाही.

कृषी केंद्र काउंटर
दहा घरं पेरणार असाल तर पिशव्या आणि चिठ्ठ्या माझ्याकडून. उगवण तपासून घ्या फक्त, धुरातलं बी आहे. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ओले ठेवा, किती उगवतात ते मोजा.

धुऱ्यावरची
ठेवले. चौथ्या दिवशी ८१ उगवले.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, दोन तासांनी काही होत नाही, पाखरं धरून पाच तरी पेरायला सांग त्याला.

पाच एकर कोरडवाहू
पाचचे पैसे ठरावात लिहा.