नारळ दिला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

ठाणे (धागाकर्ता)

२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार, वसुबारस. मी ठाण्याला स्टेशनबाहेर पणत्या निवडत होतो आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. बायकोला वाटलं, ऑफिस. ऑफिस नव्हतं. माझ्या लाडक्या मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने आपला साहेब, म्हणजे मॅनेजर, एरिक टेन हाग याला नारळ दिला होता. मी पणतीवाल्या मावशींना म्हणालो, "दोन डझन द्या." घरी लागणार होत्या एक डझन.

आदल्याच दिवशी वेस्ट हॅमकडून २-१ हरलो होतो. आमच्या डालोने गोलकीपरला चकवून रिकाम्या गोलसमोरून बॉल आकाशात मारला. वरून ९२व्या मिनिटाला त्यांच्या बोवेनची पेनल्टी, तीही रेफ्रीने टीव्हीपाशी जाऊन, बघून येऊन दिलेली. ९ सामन्यांत ११ गुण, १४वा नंबर. "हाकला याला" म्हणून मीच महिनाभर बोंबलत होतो. रात्री जेवण झाल्यावर फोन चाळताना त्याचा मे महिन्यातला, वेम्ब्ली स्टेडियमवरचा, एफए कप (इंग्लंडातल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा) हातात घेतलेला फोटो समोर आला. आणि जरा कसंनुसंच झालं. त्या दिवशी याच माणसासाठी मी शेजारी पेढे वाटले होते.

हे आधी हायसं वाटणं आणि मग ओशाळणं फक्त माझ्याच वाट्याला येतं का? कुठलाही क्लब, कुठलाही साहेब चालेल. बातमी कळली तेव्हा कुठे होतात, काय करत होतात, ते लिहा. आकडेवारी नको. (आकडेवारीवाले तरी येणारच, माहितीये.)

पुणे, सिंहगड रोड

आलो!

ओशाळायचं कशाला? ओशाळायला हवं वरच्या मंडळींनी. २५ मे २०२४ ला मँचेस्टर सिटीला २-१ हरवून कप जिंकला, गोल गार्नाचो आणि मेनूचे, दोन्ही घरची पोरं. त्याआधी आठवडाभर पेपरांत येत होतं की फायनल जिंको वा हरो, हा जाणार. लीगमध्ये आठवे आलो होतो, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा तोवरचा सगळ्यात खालचा नंबर. मग काढा ना! तर नाही. इतर दोघा-चौघांशी बोलणी करून पाहिली, कुणाशी जमलं नाही, म्हणून ४ जुलैला यालाच २०२६ पर्यंतचा करार. त्याच्या मर्जीचे खेळाडू आणले, डी लिख्ट आला, मझरावी आला. आणि दिवाळीला काडीमोड. मुलगा पसंत नव्हता तर साखरपुडा केलात कशाला?

तो गेला तेव्हा त्याला आणि त्याच्या माणसांना मोकळं करायला क्लबने मोजले १ कोटी ४ लाख पौंड. त्याच वर्षी काटकसर म्हणून अडीचशे माणसं कमी केली होती. मला टेन हागची दया वगैरे आली नाही, अँटनी नावाच्या खेळाडूसाठी ८ कोटी पौंडांवर घालवायला लावणाऱ्या माणसाची कसली दया? पण एक गोष्ट त्याच्या नावावर जमा करतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ब्रेंटफर्डने ४-० धुतलं, दुसऱ्या दिवशी त्याने पोरांना कडक उन्हात १३.८ किलोमीटर पळवलं, कारण ब्रेंटफर्डवाले तेवढं जास्त पळाले होते. आणि स्वतःही त्यांच्याबरोबर पळाला. तेव्हा मी मित्राला म्हणालो होतो, हा आपला माणूस. पुढे आपलाच अंदाज साफ चुकला.

बातमी कळली तेव्हा कुठे होतो ते राहिलंच. दाढी करत होतो. अर्धी झाली होती, ती तशीच ठेवून फोन घेऊन बसलो. बाकी विशेष काही नाही.

दादर

मी लिव्हरपूलवाला, तेव्हा माझं दुःख वेगळं. ५ मार्च २०२३ ला आम्ही टेन हागच्या युनायटेडला ७-० हरवलं. तो साहेब आम्हाला हवा होता हो! तो गेला त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर शोकसभा होती.

पण आमच्या घरातही हे झालेलं आहे. आमचा साहेब हॉजसन, जानेवारी २०११. सहा महिने टिकला. काढल्यावर त्याच्या जागी डॅलग्लिश परत आला म्हणून मी लोकलमध्ये एकटाच हसत होतो, समोरच्या माणसाने जागा बदलली. ओशाळलो वगैरे मुळीच नाही.

नाशिक

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मुलगा दहावीला आहे, हा विषय त्याने दाखवला, म्हणून लिहिते. त्या दिवशी वसुबारस, म्हणजे आमच्याकडे बाजरीची भाकरी, गवारीची भाजी. मी भाकरी थापत होते आणि हा आतून ओरडत आला, "आई, टकलूला काढला!" टकलू कोण हे मला माहीत होतं. शनिवार-रविवार आमच्या हॉलमध्ये तो माणूस असतोच, हाताची घडी घालून पावसात उभा. घरातला असल्यासारखाच झाला होता.

मी विचारलं, "का काढला?" म्हणाला, "हरतात ना." "मग खेळतो कोण, तो का पोरं?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग विचारलं, पगाराचं काय? तेव्हा त्याने ते करार, भरपाई, कोटी पौंड वगैरे सांगितलं. म्हटलं, मग ठीक आहे, त्याच्या बायकोला रात्री झोप लागेल.

मुलाचे बाबा तिथेच बसून भाजीतली मिरची बाजूला काढत होते, ते काही बोलले नाहीत. सहा वर्षांपूर्वी त्यांनाही सोमवारीच पत्र मिळालं होतं, कंपनीच्या गेटवर. तेव्हा मुलगा लहान होता, त्याला ते आठवत नाही. जेवताना मुलगा नाचत होता, तेव्हा हे एवढंच म्हणाले, "नवीन कोण येतोय बघू." मी त्यांच्या पानात अजून एक भाकरी वाढली. नको म्हणाले नाहीत.

बंगळूर (मूळ सांगली)

मोरिन्यो, युनायटेडचाच आधीचा साहेब, १८ डिसेंबर २०१८. ऑफिसात मीटिंग चालू असताना कळलं. मी टेबलाखाली मूठ आवळली, ती मॅनेजरने पाहिली, त्याला वाटलं त्याच्या बोलण्याने स्फुरण चढलं. पुढचे तीन महिने माझ्यावर खूश होता.

अडीच वर्षं या गृहस्थाने मँचेस्टरमध्ये घर घेतलं नाही, लॉजवर राहिला! (पंचतारांकित, पण लॉज तो लॉजच.) भाडेकरू सामान सोडत नाही, तेव्हाच समजायचं. मग सोल्शायर आला, पहिल्याच मॅचला कार्डिफमध्ये ५ गोल. वाटलं, सुटलो. तीन वर्षांनी वॉटफर्डने ४-१ हाणल्यावर तोही गेला, आणि जाताना क्लबच्याच कॅमेऱ्यासमोर डोळे भरून आले त्याचे. तो व्हिडिओ मी पुरता पाहू शकलो नाही. मोरिन्योच्या वेळी आवळलेली मूठ आठवली, बस.

मँचेस्टर

इथे राहतो म्हणजे मोठा जाणकार असं नाही, पण बातमी आली तेव्हा मी ट्राममध्ये होतो आणि ओल्ड ट्रॅफर्डचं (युनायटेडच्या मैदानाचं) स्टेशन मागेच गेलं होतं. डब्यात कुणी हललं नाही. एकाने फोन शेजाऱ्याला दाखवला, शेजाऱ्याने मान हलवली, संपलं. तुम्ही ठाण्यात जेवढे पेटला होतात त्याच्या अर्धंही इथे कुणी पेटलं नाही. सवय झाली असावी. आमचा सगळ्यात यशस्वी साहेब फर्ग्युसन गेल्यापासून मॉइज, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर आणि आता हा. मधले हंगामी वेगळे.

बुधवारी लीग कपची मॅच होती, लेस्टरशी. लीगपेक्षा त्याचं तिकीट हाताला लागतं म्हणून गेलो. हंगामी साहेब म्हणून आमचाच जुना स्ट्रायकर रूड व्हॅन निस्टलरॉय उभा, आणि त्याच्या नावाचं गाणं सुरू. आम्ही ५-२ जिंकलो. कॅसेमिरोने पंचविसेक यार्डांवरून असा काही मारला की आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर. ब्रूनोने दोन, त्याचे त्या मोसमातले पहिले. त्याने नंतर सांगितलं की गेलेल्या साहेबाची त्याने माफी मागितली, गोल होत नव्हते म्हणून. दोन दिवस आधी मारले असतेस बाबा!

माझ्या शेजारी एक आजोबा होते, मांडीवर थर्मास. ते गोल झाल्यावर उठायचे, टाळ्या वाजवायचे, पण गाण्यात नाही. मध्यंतरात मी म्हटलं, बरं झालं नाही का गेला ते? त्यांनी चहा ओतला आणि सांगायला लागले १९८९ चं. त्या डिसेंबरात स्टँडमध्ये कुणीतरी फर्ग्युसनविरुद्ध फलक धरला होता, तीन वर्षं सबबी ऐकतोय, आता जा, अशा अर्थाचा. "फलक माझा नव्हता," म्हणाले, "पण ओरडणाऱ्यांत मी होतो." जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टशी कपची मॅच, हरले तर फर्ग्युसन जाणार असंच सगळे धरून होते, आणि आमच्या मार्क रॉबिन्सने गोल केला. त्या मे महिन्यात कप आला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. "तेव्हापासून मी 'जा' म्हणत नाही. माझा अंदाज चांगला नाही." चहा त्यांनी मलाही दिला. बिनसाखरेचा होता.

फोंडा, गोवा

तुम्ही लोक सगळे इंग्लंडात! आमच्या घरातलं सांगतो. ब्राझीलचा झिको.

अरे पात्रांव, प्रत्यक्ष झिको आमच्या एफसी गोवाचा कोच! माझ्या बापाने १९८२ चा ब्राझील डोक्यावर घेतलेला, घरात येशूशेजारी त्या टीमचं कात्रण. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ ला सेमी, २०१५ ला फातोर्ड्याला, आमच्याच मैदानावर, फायनल. ८७व्या मिनिटाला आम्ही २-१ पुढे. मी बापाला मिठी मारली. मिठी सोडेपर्यंत चेन्नईयिन ३-२. शेवटून दोन, एक आपल्याच गोलकीपरकडून. परतीच्या रस्त्यावर बाप एक शब्द बोलला नाही.

२०१६ ला सगळ्यात खाली. तळाला. पण फातोर्ड्यात "झिको, जा" असा आवाज मी तरी ऐकला नाही. कोण ओरडणार? देवाला कोण हाकलतो? शेवटची मॅच, १ डिसेंबर, पुन्हा चेन्नईयिन, आणि ५-४ जिंकलो आम्ही, तेही इंज्युरी टाइममध्ये. जिंकूनही तळालाच. स्टँडात लोक नाचत होते, बघणाऱ्याला वाटलं असतं कप मिळाला. त्यानंतर तो गेला. पुढच्या मोसमात लोबेरा कोच आला, कोरोने १८ गोल मारले, टीम दिसायला सुंदर. बाप म्हणायचा, "खेळतात बरे." बरे! कात्रण मात्र अजून तिथेच आहे.

लेस्टर

धाग्याचं नाव वाचल्यावर न लिहून कसं चालेल. आमच्या लेस्टर सिटीचा साहेब रानिएरी, २३ फेब्रुवारी २०१७.

मी इथे आलो २०१५ मध्ये, फुटबॉलशी संबंध शून्य. पहिल्याच वर्षी गावाने लीग जिंकली, बुकींनी ५००० ला १ दिलेली. मला वाटलं हे दर वर्षी होतं. क्लीन शीट ठेवली (एकही गोल खाल्ला नाही) तर पिझ्झा देईन, असं पोरांना सांगणारा इटालियन आजोबा, कुणाला आवडणार नाही? नऊ महिन्यांनी काढला. स्पेनच्या सेव्हियाकडून हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी. लीगमध्ये १७वे होतो आणि २०१७ उजाडल्यापासून लीगमध्ये एकही गोल नव्हता, हेही खरं.

आमच्या ऑफिसात एक बाई रडल्या. डब्याच्या वेळी सगळे म्हणत होते, कृतघ्न. सोमवारी लिव्हरपूलशी मॅच, स्टेडियममध्ये लोक रानिएरीचे मुखवटे घालून आलेले. आणि आमची टीम अशी पळाली जणू कुणी बेडी काढली, ३-१. वार्डीचे दोन. मुखवटा लावून लोक उड्या मारत होते. मीही मारली. तो मुखवटा घरी आणला, मुलीने त्याला मिशा काढल्या.

ठाणे (धागाकर्ता)

नाशिकच्या ताईंचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. आमच्या हरण्याचं पुढे काय झालं ते माहीत असेलच, अमोरिम नवा साहेब म्हणून आला आणि त्या मोसमात १५वे आलो. १४वरून! जास्तीच्या पणत्या अजून माळ्यावर आहेत.

कोल्हापूर

आम्हाला ऑफिसातून, ट्राममधून कळत न्हाई, आमचं समोरासमोर असतंय.

आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचं नाव सांगत न्हाई, पेठेत राहायचंय मला. शाहू स्टेडियमवर ओळीनं तीन मॅच हरलो, तिसरी म्हंजे शेजारच्या पेठेसंगं. म्हंजे बघा. दुसऱ्या दिवशी पोरं चहाला भायेर पडंनात. रात्री कट्ट्यावर बैठक, विषय एकच, कोच बदला. आन् कोच कट्ट्यावरच बसलेला! कारण तो पेठेतलाच, कट्टा त्याचाबी. पगार न्हाई, मानधन न्हाई, सकाळी पाचला पोरांना उठवायचं आन् दिवसभर गॅरेज बघायचं, असा गडी.

अध्यक्ष खाकरले. कोण काय बोलंना. लई वेळ नुसतं शेंगा सोलल्याचा आवाज. शेवटी तोच उठला, म्हणला, "मी सोडतो. पोरांस्नी बोलू नका. पण शिट्टी माझी हाय, ती नेतो." आन् गेला.

सकाळी नवा कोच आला, कडक ट्रॅकसूट बिकसूट. सराव चालू करायचाय तर शिट्टी न्हाई. दुकान उघडायला दहा वाजणार. त्यानं तोंडात दोन बोटं घालून वाजवली, तर निम्मी पोरं रोडकडं बघायली, कोण बोलवतंय म्हणून. एक मिनिट आमचं हसू थांबंना.

तिसऱ्या दिवशी जुन्या कोचचा पोरगा सायकलवरनं आला, हातात कागदाची पुडी. आत शिट्टी, धुऊन पुसून, नवी दोरी लावलेली.