'विषारी बाण बेडूक' : बाण विषारी की बेडूक?

साताऱ्यातून :
शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या रंगीत बेडकांवर लिहितेय. एका ठिकाणी 'विषारी बाण बेडूक' असं नाव मिळालं. नुसतं 'विषारी बेडूक' लिहिलं तर चालेल का?

कराडहून :
ताई, आपल्याकडं विषारी म्हटलं की नाग, घोणस, मण्यार आठवतात, म्हणजे चावणारं जनावर. हा बेडूक चावून विष सोडत नाही. त्याचं विष कातडीतल्या ग्रंथींत असतं, त्याला तोंड लावणाऱ्याला ते बाधतं. मराठीत दोन्हींना 'विषारी'च म्हणतात, म्हणून मुलांसाठी एक ओळ जास्त लिहावी लागेल. मी 'विषांगी बेडूक' सुचवतो. ज्याच्या अंगातच विष, तो विषांगी.

'बाण' मात्र काढाच. कोलंबियातले एम्बेरा लोक लांब फुंकणीतून बारीक काडी फुंकून शिकार करत, धनुष्याने नव्हे. त्या काडीला विष लावायला फायलोबेट्स कुळीतले मोजकेच बेडूक वापरत. सगळ्या गटाला बाणाचं नाव कशाला? त्यातला सोनेरी फायलोबेट्स टेरिबिलिस 1978 साली शास्त्रात नोंदला गेला. जेमतेम 5 सेंटीमीटरचा जीव, पण त्याच्या पाठीवर काडी नुसती घासली तरी पुरते. ते विष मज्जातंतूंतले आणि स्नायूंतले सोडियम आत जायचे मार्ग उघडेच ठेवतं, मग हृदयाचे ठोके बिघडून थांबतात.

सांगलीहून :
'विषांगी' आवडला. पण त्यातून विष जन्मजात असल्यासारखं वाटतं, तेवढं सांभाळा. या बेडकांचं विष खाण्यातून येतं: मुंग्या, बारीक भुंगेरे आणि कोळी. हे कोळी म्हणजे जाळं विणणारे नव्हेत, द्राक्षबागेतल्या लाल कोळीच्या दूरच्या भावकीतले. पाळून दुसरं खाद्य दिलेल्या बेडकांत हे विष तयार होत नाही.

कराडहून :
बरोबर. मग 'सोनेरी विषांगी बेडूक' लिहून खाली आहाराची ओळ द्यावी.

पाटणहून :
एक कळकळीची विनंती. भडक रंग म्हणजे 'मला खाऊ नका' हा इशारा, हे त्या बेडकांबद्दल खरं आहे. पण आपल्या कोयनेच्या खोऱ्यातही पिवळ्या ठिपक्यांचा भेक (खरबरीत कातडीचा बेडूक) आहे, 1963 साली इथूनच नोंदलेला, कोयनेचंच नाव मिळालेला. त्याचं या अमेरिकन बेडकांशी जवळचं नातं नाही. पावसाळ्यात पोरांना तो दिसला आणि 'विषांगी' समजून कुणी दगड घातला तर वाईट होईल. पत्रकात 'अमेरिका' ठळक अक्षरात लिहा, आणि शेजारी आपल्या भेकाचं चित्र त्याच्या नावासकट लावा.