'प्रायव्हसी'ला गोपनीयता म्हणावं की खासगीपणा?

अर्धविराम: प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालावरचा लेख मराठीत करतेय आणि शीर्षकातच अडकलेय. मी 'गोपनीयतेचा हक्क' लिहिलं होतं. संपादकांनी खोडून 'खासगीपणाचा अधिकार' केलं. दोनच शब्द होते, दोन्ही गेले! बातम्यांत तर गोपनीयताच वाचल्याचं आठवतं.

तळटीप: संपादक निम्मे बरोबर. मंत्री शपथ घेतात ती पद आणि गोपनीयतेची, म्हणजे कारभारातलं गुपित फोडणार नाही अशी. प्रायव्हसीत गुपित असायलाच हवं असं नाही. मी दार लोटून घेतलं तर आत काही काळंबेरं चाललंय असं थोडंच आहे? 'हक्क' मात्र तुमचाच ठेवा. घटनेच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' आहेत, 'मौलिक अधिकार' हिंदीतले.

झब्बू: मग 'माहितीचा अधिकार' कुठून आला? तो काय हिंदीतला कायदा आहे?

तळटीप: सरकारी भाषांतराला मी प्रमाण मानत नाही.

झब्बू: घटनेची मराठी प्रत कोणी केली मग? 😀

जुनेखोड: खासगी चांगला मुरलेला शब्द आहे. होळकरांकडे राज्याची 'दौलत' वेगळी आणि घराण्याची 'खासगी' वेगळी, तिचा हिशेबही स्वतंत्र. यात दरबाराने हात घालायचा नाही, हा अर्थ शब्दात आधीपासूनच आहे. नऊ न्यायमूर्तींनी नवीन काय सांगितलं?

अर्धविराम: होळकरांची खासगी राजघराण्यापुरती होती, काका. इथे ती प्रत्येकाची झाली, तीही नऊ विरुद्ध शून्य.

शुद्धमती: खास अरबी, हक्क अरबी. आपल्याकडे शब्द नाहीत का? 'निजता' घ्या. संतांच्या अभंगांत निजसुख, निजरूप आहेच की.

झब्बू: निजता म्हणजे निजायचा हक्क. मी दुपारी बजावतो.

पुकारा: हसताय, पण असा हक्क खरंच आहे. सुप्रीम कोर्टाचा १९६२ चा खरक सिंगचा निकाल वाचा. दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सुटलेला माणूस, तरी पोलिसांचा पहारा चालूच. रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावायचे, हजर आहे का बघायला. सहा न्यायमूर्तींच्या पीठात बहुमत म्हणालं की प्रायव्हसी हा काही घटनेने दिलेला हक्क नाही. पण त्याच निकालात रात्रीच्या या भेटी अवैध ठरवल्या, आणि कारणांमध्ये माणसाच्या झोपेचा हक्क शब्दशः आला आहे. म्हणजे निजता नाकारली, नीज दिली. मी वकिली करत असताना हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला होता.

शुद्धमती: यातून निजता चूक कशी ठरते?

पुकारा: ठरत नाही. मला फक्त सांगायचं होतं.

जुनेखोड: शिवाय मूळ शब्द 'खाजगी' आहे. आमच्या घरात कोणी खासगी म्हणत नसे. खाज दिसते म्हणून शहाण्यांनी 'स' केला.

तळटीप: उलट आहे. खासचा 'स' बोलताना घासून 'ज' झाला. वर तुम्हीच खासगी लिहिलंय.

जुनेखोड: ते होळकरांचं. आमचं वेगळं.

अर्धविराम: लेख पाठवला, शीर्षकात 'प्रायव्हसी'च ठेवून. आता पुढची अडचण. पुट्टस्वामीत खरक सिंग 'ओव्हररूल' झाला, त्याला काय लिहू? 'रद्द केला' म्हटलं तर रात्री दार ठोठावणं पुन्हा सुरू झालं असं वाटेल. प्रायव्हसी नाही म्हणणारा भागच तेवढा गेलाय.

पुकारा: 'तेवढ्यापुरता फिरवला' म्हणा.

तळटीप: फिरवला? निकाल आहे की शब्द?

जुनेखोड: दाते-कर्वेंचा शब्दकोश काढून बघतो. खाजगीच असणार.