मदत हवी आहे: कंत्राटदार तीनदा बदलला, कामगार तेच. मागणीपत्र कसं मांडावं?

चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात प्रेस शॉपवर (पत्रा दाबून सुटे भाग बनवणारा विभाग) २८ कंत्राटी कामगार. नऊ वर्षांत तीन कंत्राटदार झाले. माणसं, मशीन, काम तेच. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच, पण पीएफचा मेंबर आयडी दर वेळी नवा, त्यामुळे ग्रॅच्युइटीची सलग पाच वर्षं कागदावर भरतच नाहीत.

हाताशी आहे ते: शिफ्ट लावणारे कंपनीच्या सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, त्याच्याच सहीच्या रजेच्या चिठ्ठ्या, गेटपास, पीएफ पासबुकं. हजेरीपटाची नक्कल मागितली, कंत्राटदार देत नाही. कामगार कार्यालयात तोंडी विचारलं, 'लेखी आणा' एवढंच उत्तर.

मालक-कामगार नातंच वादात असलं की औद्योगिक न्यायालयात अनुचित कामगार प्रथेची थेट तक्रार टिकत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा सिप्ला निकाल, २००१), हे माहीत आहे. 'कंत्राट बोगस, आम्ही मुळात कंपनीचेच कामगार' आणि 'कंत्राट खरं, पण ती पद्धत बंद करा' या मागण्या एकमेकींना मारतात, म्हणून पहिलीच घ्यायचं ठरतंय. सगळे अजून कामावर आहेत, संघटना नोंदणीकृत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ला श्रमसंहिता (केंद्राचे नवे चार कामगार कायदे) लागू झाल्यानंतर असं मागणीपत्र कुणी दिलंय का? त्यात कलम कोणतं घातलं? आणि हजेरीपट हजर करायला लावणारा अर्ज समेट अधिकाऱ्यापुढेच (वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) चालतो, की न्यायाधिकरणात गेल्यावरच?