तरतूद, बेगमी आणि आगोट

मंडळी, मुलीचा अभ्यास घेताना 'तरतूद' शब्दाशी अडले. १ फेब्रुवारी २०२१ला केंद्राच्या अर्थसंकल्पात कोविडच्या लशीसाठी ३५,००० कोटींची तरतूद झाली, हे वाचून ती म्हणाली, "म्हणजे तेवढे खर्च झाले ना?" मी आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायच्या सामानाचा, दाखला दिला, पण मलाच पटेना. आमच्या हर्णैला आगोट भरली म्हणजे माळ्यावर सुके बोंबील, बरणीत आमसुलं, पडवीत रचलेली लाकडं. सगळं डोळ्यांसमोर. तरतूद तशी असते का?

— ताई, तो दाखला बेगमीचा, म्हणजे पुढच्यासाठी करून ठेवलेल्या साठ्याचा झाला. तरतूद आला अरबी 'तरद्दुद'वरून. हिंदी-उर्दूत तरद्दुद म्हणजे आजही विवंचना. बेगमी फारसी 'बे-गम'वरून, म्हणजे चिंता नसणं. एक शब्द काळजीतून निघालेला, दुसरा काळजी मिटल्यावरचा! अर्थसंकल्पात एवढा खर्च येईल असं धरून रक्कम मांडतात. लोकसभेनं अनुदानाची मागणी (खात्यानं खर्चासाठी मागितलेली रक्कम) मंजूर केली आणि विनियोजन कायदा झाला, की एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसे काढायची मुभा मिळते. कमी पडले तर पुरवणी मागणी; ३१ मार्चला मुभा संपते. लशीची ती रक्कम अर्थ मंत्रालयाच्या 'राज्यांना हस्तांतरण' या मागणीत होती, त्यामुळे आरोग्य मंत्रालयाच्या पानावर शोधून मिळत नसे.  

— आम्ही देवगडाकडचे, आमच्यात बेगमीच म्हणतात. मे २०२१मध्ये, तौक्ते वादळ येऊन गेल्यावर, आईला दुसऱ्या डोससाठी तीनदा आरोग्य केंद्रात नेली. तिन्ही वेळा दाराशी फळ्यावर खडूनं लिहिलेलं, 'आज लस नाही'. मी तिला ३५,००० कोटींचं सांगितलं. तर म्हणाली, "पैशे बांधून ठेवले म्हणान बोंबील घरात येतत काय?" तरतुदीची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या कोशात मिळाली नाही. बातमीत 'तरतूद' वाचून लोक 'खर्च' समजतात, तेव्हा मला तो फळा आठवतो.

— काका, आईंचं वाक्य मुलीच्या वहीत उतरवून घेतलं. एक राहिलं: आगोट 'भरतात', मग बेगमी?

— बेगमी करतात, ताई. तरतूदही करतात. भरतात ती फक्त आगोट.